अनुभव हा पुरावाच, पण जेवढा तेवढाच
(जळकोट येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



वाद निघाला की "मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे" असे म्हणून आपले लोक समोरच्याचे तोंड बंद करतात. उलट, गरीब कुणबी कचेरीत आपली हकीकत सांगू लागला की "तुझ्या एकट्याचे काय घेऊन बसलास?" असे म्हणून त्याचे तोंड बंद केले जाते. ह्या दोन्ही चाली खोट्या आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

साप चावलेल्यास मांत्रिकाकडे नेले व तो वाचला, ही गोष्ट गावोगाव ऐकू येते. सांगणारा लबाड नसतो. माणूस वाचला हे त्याने खरेच पाहिले. परंतु मंत्राने वाचला, हे त्याने कोठे पाहिले? धामण, दिवड ह्यांना विष नसते. नाग-घोणसही दर चाव्यास विष सोडतातच असे नाही. तो मंत्रावाचूनही वाचला असता. आणि मंत्र चालू असता जे मेले, ते सभेत येऊन साक्ष देत नाहीत! म्हणून साप चावताच इस्पितळ गाठा. विषावर उतारा तेथील लसीचाच.

मग अनुभवास किंमत नाही काय? आहे, मोठी आहे. सन १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे लेखी निवेदन दिले. १८४८ पासून मुलींच्या शिक्षणासाठी झटलेले जोतीराव. तरी आरंभीच त्यांनी सांगितले की, आपला अनुभव मुख्यतः पुणे व भोवतालच्या खेड्यांपुरता आहे. आधी अनुभवाची शीव दाखविली, आणि मग निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. शीव सांगितल्याने साक्ष दुबळी झाली नाही, वजनदार झाली.

आपणही तेच करावे. एकाचे सोयाबीन वाहून गेले, म्हणजे सारा तालुका बुडाला असे नव्हे. पण तालुक्याची सरासरी बरी, म्हणून त्याचे नुकसान खोटे, असेही नव्हे. नुकसान होताच तारीख, गट नंबर, एरवी किती पोती होत व यंदा किती झाली, हे लिहून ठेवा. शेजाऱ्याची सही घ्या. ज्याचे पीक वाचले त्याचेही नाव लिहा. ते लपविले तर आपणच मांत्रिक झालो. दहा घरांचा असा खरा कागद "एकट्याची गोष्ट" म्हणून फेकून देणे कोणासही सोपे जाणार नाही.