मेकॅनिकल इंजिनिअर : काम आणि पात्रता

(गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



मी इंजिनिअर नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेतला कारकून. पण शैक्षणिक कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. ‘मेकॅनिकल’ लिहिणाऱ्या मुलाला विचारावे, शिकून काय करशील? तर उत्तर येते, ‘कंपनीत लागेन.’ वडील तर बोलतच नाहीत. ज्या कामासाठी घर कर्जात जाते ते काम घरात कुणालाच ठाऊक नसते. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

एप्रिल २०१६ आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हते. मिरजेहून पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिलला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आपण पाणी पाहिले. पण त्या वाघिणी आधी कोट्याच्या रेल्वे कारखान्यात वाफेने धुतल्या होत्या. वाघीण भरायला पंप किती ताकदीचा हवा, नळी किती इंची, भरल्या वाघिणीचा भार चाके आणि ब्रेक पेलतील का, हा सारा हिशोब मेकॅनिकलचा.

साखर कारखान्याचेही तसेच. उसाची मोळी गव्हाणीत पडली की पुढे यंत्रांचे राज्य. रस काढून उरलेले चिपाड बॉयलरमध्ये जळते, त्या वाफेवर टर्बाइन फिरते, वीज निघते. ऐन हंगामात एक बेअरिंग गेले तरी गव्हाण थांबते आणि बाहेर गाड्यांची रांग लागते. आपली किती कुटुंबे कोयता घेऊन ऊस तोडायला जातात! ऊस कारखान्याच्या आत जातो, आपला माणूस फाटकाशीच राहतो.

हे आपोआप झालेले नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली ते खाते आपल्याला बंद होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी रेल्वेचीही तीच तक्रार मांडली : आपला माणूस जन्मभर गँगमन, मिस्त्री, चार्जमन, फोरमन क्वचितच. आज त्याच रेल्वेचा डब्यांचा कारखाना लातूरला उभा आहे. २०१८ साली पायाभरणी झाली, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला.

आता पात्रता. बारावीला भौतिक, रसायन, गणित घेऊन सीईटी द्यायची आणि चार वर्षांची पदवी घ्यायची, हा रस्ता सर्वांना माहीत आहे. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. पण दहावीच्या गुणांवर तीन वर्षांची पदविका करता येते, तिथून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते. आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर किंवा टर्नरही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला बसू शकतो. लातूर पॅटर्नच्या गडबडीत या रस्त्याला आपण कमी लेखतो. माझ्या मते बेताच्या घराला तोच बरा; एकोणिसाव्या वर्षी हातात काम असते आणि कानस धरलेल्या हाताला पुढे ड्रॉइंगही लवकर कळते. ड्रॉइंग न वाचता येणारा इंजिनिअर म्हणजे ताळेबंद न कळणारा बँकवाला. मुलींनो, वर्कशॉप फक्त मुलांचे नाही, हेही सांगून ठेवतो.

शेवटी पैशाचे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. आज तिला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. इथेच आपले पालक फसतात : एजंट जागा मिळवून देतो, शिष्यवृत्ती जाते, मग शेत नाहीतर दागिने. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करा, जुलैत धावू नका. बँकेचे कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळते, पण शिकत असतानाही व्याज चढत असते, हे मुलाच्या आईलाही कळू द्या.

सभा संपल्यावर मी विहाराच्या ओट्यावर थांबणार आहे. ज्यांना अर्ज भरायचे आहेत त्यांनी दहावी-बारावीची गुणपत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन यावे. जयभीम.