रक्तातील साखरेचे विद्युत्‌मापन

बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब एका पातळ पट्टीला लावताच काही सेकंदांत साखरेचे प्रमाण अंकांत उमटते, ही गोष्ट मधुमेही माणसाच्या नित्यक्रमात आज इतकी रुळली आहे की, तिच्यामागील शास्त्रीय साधनेचे विस्मरण सहज व्हावे.

रक्तात नानाविध पदार्थ मिसळलेले असल्यामुळे नुसत्या धातूच्या विद्युदग्राला त्यांतून ग्लुकोज तेवढे निवडता येत नाही. म्हणून १९६२ साली लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या अमेरिकन संशोधकांनी अशी तजवीज सुचविली की, विद्युदग्रावर पटलाआड ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराचा थर बसवावा, आणि ग्लुकोजचे ऑक्सिडीभवन होताना जो ऑक्सिजन खर्ची पडेल, त्यावरून साखरेचा हिशेब लावावा. परंतु ऑक्सिजनचे प्रमाण मुळातच कमीजास्त होत असल्याने या हिशेबात तफावत येण्याची धास्ती राही. १९८४ साली ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्ड येथील शास्त्रज्ञांनी ग्राफाइटच्या विद्युदग्रावर फेरोसीन-वर्गातील लोहयुक्त संयुग योजून इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे काम ऑक्सिजनकडून काढून घेतले. विकराकडून इलेक्ट्रॉन स्वीकारावेत, ते विश्वासू जासुदाप्रमाणे विद्युदग्राच्या हवाली करावेत आणि पुढील खेपेस पुन्हा सिद्ध व्हावे, हा या संयुगाचा धर्म होय, आणि त्यातून उत्पन्न होणारा विद्युत्‌प्रवाह ग्लुकोजच्या प्रमाणात वाढतो.

याच मापनावर इन्सुलिनची मात्रा अवलंबून असल्यामुळे, हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत, पट्टीची मुदत पाहावी आणि डबी घट्ट मिटावी. कारण दमट हवेत विकराचे सामर्थ्य क्षीण होते.