मुलीचा निबंध, शब्दांची मर्यादा आणि आपण आया

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कर्जाचा नाही, शिलाई मशीनचाही नाही. बारावी झालेल्या मुलींच्या फॉर्ममधल्या निबंधाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या पोरींना वसई-विरारच्या कॉलेजात मार्कांवर प्रवेश मिळतो, निबंध कुठे लागतो? बरोबर आहे, तिथे नाही लागत. पण मुलीला पुढे हरियाणातल्या अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणी जायचं असेल, तर फॉर्ममध्ये स्वतःबद्दल लिहावं लागतं. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना परदेशात शिकायला राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी आधी परदेशी विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो, आणि तिथेही मार्कांसोबत लेखी निवेदन मागतात.

हे आपल्यासारख्या घरातल्या मुलांना जमतं का? जमतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारे गावचा राजू केंद्रे हा घरातला शिकणारा पहिला मुलगा. तो चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून लंडनच्या सोआस विद्यापीठात शिकला. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जात नेतृत्व, लोकसंपर्क, शिक्षण आणि पुढचं काम यांवर चार निबंध असतात. त्याने सुरू केलेली एकलव्य ही संस्था आज गावाकडच्या मुलांना असेच अर्ज भरायला शिकवते. म्हणजे ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे.

आता मर्यादेचं बघू. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांसाठी कॉमन ॲप नावाचा एकच अर्ज चालतो. त्यातला मुख्य निबंध कमीत कमी 250 आणि जास्तीत जास्त 650 शब्दांचा. 651वा शब्द फॉर्म घेतच नाही. इंग्लंडच्या यूकास अर्जात शब्द नाही, अक्षरं मोजतात: 4000, मधल्या मोकळ्या जागा धरून. 2026च्या प्रवेशापासून तिथे तीन प्रश्न केले आहेत आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं हवं. म्हणून पहिलं काम हे, की मुलीला विचारा: “शब्द मोजायचेत की अक्षरं?” दोन्हींत मोठा फरक आहे.

मराठीत लिहायचं असेल तर अक्षरांचा हिशेब आणखी वेगळा. ‘शिक्षण’ आपल्याला तीन अक्षरी दिसतो, पण संगणक काना, वेलांटी आणि पाय मोडण्याची खूणसुद्धा सुटी मोजतो. त्याच्या लेखी ‘शिक्षण’ सहा अक्षरांचा. ‘स्त्री’ हे एकच अक्षर, तेही त्याला सहा! म्हणून वहीवर बोटाने मोजू नका. मोबाइलवर गुगल डॉक्समध्ये तीन टिंबांवर दाबलं की शब्द आणि अक्षरं दोन्ही दिसतात.

पुष्कळ मुली आधी मराठीत लिहितात आणि मग इंग्रजी करतात. हे चांगलंच आहे, विचार आपल्या भाषेत नीट सुचतो. पण ‘आईच्या गटातून’ हे मराठीत दोन शब्द, इंग्रजीत ‘फ्रॉम माय मदर्स ग्रुप’ असे चार होतात. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यांचे सुटे राहतात. त्यामुळे मर्यादा 300ची असेल तर मराठी मसुदा 200च्या आसपास थांबवा.

तरी जास्त झालंच, तर कापायचं काय? खरी गोम इथे आहे. मुली नेमकं गावचं, घरचं कापतात आणि मोठमोठी वाक्यं ठेवतात. हे बघा: “मला लहानपणापासूनच समाजसेवेची अतिशय आवड आहे आणि मी मोठी होऊन समाजासाठी काहीतरी चांगलं करून दाखवीन.” पंधरा शब्द झाले आणि पोरगी कोण ते कळलंच नाही. आता हे ऐका: “नववीपासून आईच्या गटाची बचतवही मी लिहिते, दहा बायकांचा हिशेब महिन्याला जुळवते.” अकरा शब्द, आणि मुलगी समोर उभी राहिली. दादरला भाजीची पाटी नेणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. पाटी केवढी ते ठरलेलं असतं, म्हणून ती पालापाचोळा घरीच काढते. चांगला माल काढून पाला भरत नाही.

कापायला सोपं काय? ‘अतिशय’, ‘खूप’, ‘खरोखर’ हे शब्द. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली वाक्यं. प्रश्न पुन्हा उतरवून काढलेली सुरुवात. थोर माणसांची वचनं, कारण निबंध त्यांचा नाही, तिचा आहे. आणि 300 मागितले असताना 270त सांगून झालं असेल, तर उरलेले तीस भरायला पाणी घालू नका.

दिसण्याबद्दल थोडं. फॉर्मच्या चौकटीत बहुधा साधा मजकूरच राहतो. ठळक, तिरकं, रंगीत सगळं उडतं. परिच्छेद वेगळा दिसायला मध्ये एक ओळ मोकळी सोडा. व्हॉट्सॲपवरून मजकूर उचलला तर चांदण्या आणि इमोजी राहिलेत का ते बघा. सायबरवाल्याकडे मराठी टाइप करून घेताना “युनिकोडमध्ये करा” असं आधीच सांगा. जुन्या फॉन्टमधला मजकूर ऑनलाइन चौकटीत गेला की भलतीच चिन्हं दिसतात. निबंध थेट फॉर्ममध्ये लिहू नका. नेट गेलं की सगळं गेलं. बाहेर लिहा, जपून ठेवा, मग चिकटवा, आणि चिकटवल्यावर शेवटची ओळ पूर्ण आली का ते वाचा. शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

आता आपलं काम. निबंध मुलीनेच लिहायचा. मावशीने, सरांनी किंवा पैसे घेऊन कोणी लिहून दिलेला चालत नाही, आणि वाचणाऱ्याला तो ओळखूही येतो. पण तिला मोठ्याने वाचायला लावणं आपल्या हातात आहे. लिहिता-वाचता येत नसलं तरी कान आहेत. जिथे वाचताना ती अडखळते किंवा तुमचं लक्ष उडतं, तिथे खूण करायला सांगा. मग विचारा: “हे खरंच असं झालं का? कधी? तू काय केलंस?”

आणि एक गोष्ट मनाला लावून घ्या. फॉर्ममध्ये आईचं काम विचारतात, तिथे आपल्या मुली ‘गृहिणी’ लिहून मोकळ्या होतात. तुम्ही पहाटे भाजी विकता, वीटभट्टीवर जाता, गटाचं कर्ज फेडता, बँकेत सही करता. तिने ते लाजून लपवलं असेल तर रागावू नका. शेजारी बसा आणि तुमचं काम तिला सांगा. घरची गरिबी रडून लिहायची नाही, पण घरचे कष्ट झाकायचेही नाहीत. त्या मोजक्या शब्दांत तुमच्यासाठी दहा शब्दांची जागा असली, तरी ते दहा खरे हवेत.

पुढच्या सभेला, ज्यांच्या मुली दहावीच्या पुढे आहेत त्यांनी एक कागद आणावा. मुलीने स्वतःबद्दल मराठीत शंभर शब्द लिहायचे, मोजून. आपण इथे ते वाचू आणि कुठला शब्द पाल्यासारखा निघतो ते मिळून बघू.