दगडी खलबत्ता आणि पाटा : निवड, वापर व निगा

(सोलापूर जिल्ह्यातील महिला शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)

शेतकरी भगिनींनो, आणि मागे उभ्या असलेल्या बंधूंनो,

सकाळपासून तुम्ही तूर ऐकली, ज्वारी ऐकली, ठिबक सिंचन ऐकले. आता जेवणाआधी मला अर्धा तास मिळाला आहे आणि माझा विषय आहे दगड. हसू नका. ज्यांच्या घरी पाटा किंवा दगडी खल आहे त्यांनी हात वर करा बरे. जवळजवळ सगळ्याच आहात. आता ज्यांचा पाटा आठवड्यातून एकदा तरी वापरात आहे त्यांनीच हात वर ठेवा. सहा-सात जणी. म्हणजे बाकीच्यांचा पाटा न्हाणीच्या कडेला कपडे धुवायला, नाहीतर मागच्या दाराला टेकण म्हणून पडला आहे.

मिक्सर वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माझ्याही ओट्यावर तो आहे आणि घाईच्या सकाळी मी तोच लावते. पण मिक्सरचे पाते पदार्थ कापते, बत्ता तो चेंगरतो. म्हणून मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा कूट होतो आणि उखळात कुटले की तेल सुटून चटणी अंगासरशी येते. आपली सोलापूरची शेंगा चटणी नावाजली ती याच कुटण्यामुळे. तुमच्यातल्या ज्या भगिनी गटामार्फत चटणी विकतात, त्यांना गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते ते 'कुटलेली' या शब्दाचे. म्हणून हा विषय नुसता आठवणींचा नाही, पैशाचाही आहे.

एका गटाबरोबर मी काम करत होते. प्रदर्शनात माल ठेवायचा म्हणून बायकांनी बाजारातून दोन नवे दगडी खल आणले, स्वच्छ धुतले आणि दुसऱ्या दिवसापासून कुटायला सुरुवात केली. वीस किलो चटणी झाली. चव उत्तम, रंग उत्तम. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी पाकिटे परत येऊ लागली. दातांखाली कचकच लागते, अशी सगळ्यांची एकच तक्रार. सगळा माल टाकून द्यावा लागला. तिखट असल्याने जनावरांनाही घालता येईना. गट मोडता मोडता राहिला. चूक त्यांची नव्हती, माझी होती. भाजणी, पाकीट, वजन, लेबल असे सगळे मी शिकवले होते. नवा खल तयार करून घ्यावा लागतो हे तेवढे सांगायचे राहिले. ते आज सांगते.

दगड कसा पारखावा

आपल्याकडचा काळा पाषाण या कामाला चांगला. जड, घट्ट आणि बारीक कणांचा दगड घ्यावा. मात्र काळा आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नये. काही दगडांत पांढरे ठिपके किंवा गारेचे खडे असतात. बत्त्याचे घाव बसून ते सुटतात आणि तिथे भोक पडते. असा दगड बाजूला ठेवावा. लोखंडी खिळ्याने बुडाशी ओरखडा काढून बघावा. दगडाचा भुगा निघाला तर तो मऊ आहे. बत्त्याने हलके वाजवावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा असतो. खलात थोडे पाणी घालून पाच मिनिटे थांबावे. पाणी झरझर शोषले गेले तर मसाल्याचे तेलही असेच आत मुरेल आणि पुढे खवट होईल.

संगमरवराचा पांढरा खल दिसायला देखणा असतो. वेलदोडा किंवा औषधाची पूड करायला तो चालेल, पण चिंच, लिंबू, टोमॅटो यांच्या आंबटाने संगमरवर झिजतो. शंका असेल तर बुडाशी लिंबाचा थेंब टाकावा; बारीक फेस आला तर तो दगड आंबट चटणीचा नव्हे.

आकाराचे म्हणाल तर घरच्या वापराला आतून वीतभर तोंडाचा आणि साधारण तेवढाच खोल खल पुरतो. उथळ खलातून मिरी उडून अंगणात जाते. बत्ता त्याच दगडाचा असावा. दगडी खलात लोखंडी बत्ता वापरला की टवके उडणार हे ठरलेले.

नवा खल तयार करणे

टाकीने घडवलेल्या दगडात भुकटी अडकलेली असते आणि अर्धवट सुटलेले कण चिकटून असतात. नुसत्या धुण्याने ते निघत नाहीत. आधी काथ्याने आणि भरपूर पाण्याने खल घासावा. साबण लावू नये, त्याचा वास दगडात राहतो. उन्हात वाळवावा. मग मूठभर तांदळाच्या कण्या, थोडे पाणी घालून बत्ता दाबून गोल फिरवत वाटाव्यात. तळ, कडा, बत्त्याचे तोंड, सगळीकडे घासले गेले पाहिजे. पहिले वाटण राखाडी निघेल. ते फेकावे, खल धुवावा, पुन्हा कण्या घ्याव्यात. वाटण पांढरे शुभ्र निघेपर्यंत हे करायचे. कधी तीन वेळा पुरते, कधी आठ वेळाही करावे लागते. दगडावर अवलंबून आहे, कंटाळा करून चालत नाही.

पांढरे दिसले तरी एक तपासणी करावी. वाटण काचेच्या ग्लासात भरपूर पाण्यात ढवळावे, थोडे थांबून वरचे पाणी हळूच ओतावे, पुन्हा पाणी घालून तसेच करावे. तळाशी राहील ते बोटावर घेऊन नखाने दाबावे. भिजलेली कणी फुटते, दगडाची कच फुटत नाही. कच लागली तर पुन्हा वाटायला बसावे. शेवटी खडे मीठ आणि लसूण वाटून तेही टाकून द्यावे. एवढे झाले की खल खाण्याचा झाला.

पाट्यालाही हीच रीत. वापरून वापरून पाटा गुळगुळीत होतो, वाटण घसरते, खोबरे नुसते फिरत राहते. मग टाकी लावून घ्यावी लागते. पूर्वी टाकीवाल्या बाई दारावर यायच्या, आता शोधावे लागते. टाकीचे घाव उथळ आणि जवळजवळ असावेत, खोल खड्ड्यांत वाटण अडकून आंबते. आणि टाकी लावली की पाटा पुन्हा नवाच समजावा; कण्यांचे वाटण परत पहिल्यापासून.

वापर

खल एकतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. खाली गोणपाटाची घडी घालावी, म्हणजे फरशीही वाचते आणि खलाचे बूडही. मसाला भाजून पूर्ण गार झाल्यावरच कुटावा. कढईतून गरम मसाला थेट दगडात ओतू नये, आणि थंड दगडावर उकळते पाणीही ओतू नये. अचानक ताप लागून तडा जातो. आधी कडक जिन्नस, मग मऊ, ओले सगळ्यांत शेवटी. लसूण सरकतो म्हणून सोबत चिमूटभर खडे मीठ घालावे. रिकाम्या खलात बत्ता आपटू नये. लेकरे खेळायला घेतात, तिथे लक्ष असावे. सुकी मिरची कुटताना नाकातोंडाला ओला रुमाल बांधावा आणि वाऱ्याकडे पाठ करून बसावे.

एक गोष्ट शेंगदाण्याची. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे 'कुटले की कळत नाही' म्हणून चटणीत ढकलू नका. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते. भाजल्याने ते पूर्ण जात नाही आणि यकृताला ते घातक आहे. दाणे निवडायला बसलेली बाई ही गटातली सगळ्यांत महत्त्वाची बाई समजा.

निगा

काम झाले की लगेच धुवावे. शेंगदाणा-खोबऱ्याचे तेल रात्रभर राहिले की दुसऱ्या दिवशी खवट वास येतो. तसा वास आलाच तर तांदळाचे पीठ आणि मीठ घालून घासावे, धुवावे आणि कडक उन्हात ठेवावे. खल पालथा आणि पाटा भिंतीला उभा टेकवावा. ओला पाटा आडवा ठेवला की पावसाळ्यात खालून बुरशी धरते. चकाकी यावी म्हणून दगडाला तेल चोळू नये.

आता मागच्या बंधूंनी जरा पुढे यावे, हे त्यांच्यासाठी आहे. 5 टक्के निंबोळी अर्काची कृती तुम्हाला पाठ आहे. 5 किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर 9 लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायचे, 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबणाचा चुरा त्यात मिसळून एकूण 100 लिटर द्रावण करायचे. छान. पण त्या 5 किलो निंबोळ्या कुटता कशात?

आमच्या घरची गोष्ट सांगते. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या. घरात उंदीर फार झाले म्हणून धाकट्या दिरांनी उंदराचे काळे औषध पिठात कालवून गोळ्या केल्या, त्या सासूबाईंच्या पाट्यावर. पाटा पाण्याने धुऊन जागेवर ठेवला. सासूबाई आल्या, पाट्याला वास आला, त्यांनी विचारले आणि दिरांनी खरे ते सांगितले. तो पाटा त्यांच्या माहेरचा होता. त्याच्या वरवंट्याला माझ्या मुलाच्या बारशात कुंची घालून पाळण्यात ठेवले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण घरात शेतकी शिकलेली मीच. राखेने घासून, ऊन देऊन चालेल का, एवढेच विचारले. मला 'हो' म्हणता आले नाही. टाकीच्या घावांत आणि दगडाच्या बारीक छिद्रांत काय राहिले हे डोळ्यांना दिसत नाही, आणि घरात लहान मूल होते. पाटा गोठ्यामागे खड्ड्यात पुरला.

म्हणून विनंती अशी, की निंबोळ्या आणि जनावरांची औषधी कुटायला वेगळा दगड ठेवा, त्याच्या कडेला लाल तेलरंगाचा पट्टा मारा आणि तो गोठ्यातच राहू द्या. कीटकनाशक, उंदराचे औषध, बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे यांना तर कुठलाच खल लावू नका, लाल पट्ट्याचाही नाही.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, खलाला चीर गेली तर सिमेंट भरावे का? नको. सिमेंट आंबटाने झिजते आणि बत्त्याने सुटते, ते चटणीतच येणार. चिरलेल्या खलात तुळस लावा किंवा चिमण्यांना पाणी ठेवा.

आता टेबलावर दोन नवे खल आणि कण्या ठेवल्या आहेत. चार-चार जणींनी पुढे या, पहिले राखाडी वाटण तुमच्याच हाताने काढून बघा. काचेचे ग्लास उजव्या बाजूला आहेत.