दौलताबादेची शाहजादी आणि तिचे ग्रंथालय



मोरोक्कोतील फेज नगरीत 859 साली फातिमा अल्-फिहरी नावाच्या स्त्रीने वारशाचे द्रव्य वेचून मशीद उभारली आणि तिच्याच आश्रयाने पुढे अल्-करवीयीन हे विद्यापीठ भरभराटीस आले, अशी परंपरा आहे. परंतु विद्येवर एवढी प्रीती करणारी एक स्त्री आपल्या अगदी उशाशी, दौलताबादेस, 1638 साली जन्मास आली होती, याचे स्मरण या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) नगरातही फारसे कोणी ठेवीत नाही, म्हणून आज मी तिच्याविषयी बोलणार आहे.

ज्या दिलरस बानू बेगमेचा मकबरा आपण सर्वांनी पाहिला आहे, तिची आणि औरंगजेबाची ही ज्येष्ठ कन्या जेबुन्निसा. हाफिजा मरियम या विदुषीपाशी तिचे शिक्षण झाले. कुराण मुखोद्गत केल्याबद्दल पित्याने तिला तीस हजार अशर्फ्या बक्षीस दिल्या. अरबी-फारसीत ती पारंगत झाली आणि नस्तालीक, नस्ख, शिकस्ता ही तिन्ही वळणे तिच्या हाती सहज उतरली. पुढे तिने जो ग्रंथसंग्रह केला, त्याच्या तोडीचा संग्रह कोणी पाहिला नसेल, असा निर्वाळा ‘मआसिर-इ-आलमगिरी’च्या दरबारी लेखकाने दिला आहे. या संग्रहाभोवती पंडित, कवी, कातिब आणि खुशनवीस तिच्या तनख्यावर निर्वेधपणे काम करीत. मुल्ला सफीउद्दीन अर्दबीली यांनी काश्मिरात राहून ‘तफसीर-इ-कबीर’ या प्रचंड अरबी भाष्याचा फारसी अनुवाद केला, तोही तिच्याच आज्ञेवरून, आणि त्यास ‘जेब-उत्-तफासीर’ असे तिचेच नाव मिळाले. विद्येचा पुरस्कार करायचा तर विद्वानाच्या चुलीचीही काळजी वाहिली पाहिजे, हे तिने ओळखले होते. तिच्या नावावर चालणाऱ्या काव्यापेक्षा मला तिची थोरवी या जाणिवेत अधिक दिसते.

1681 साली तिचा धाकटा भाऊ शाहजादा अकबर याने पित्याविरुद्ध बंड केले, आणि बहिणीचा त्याच्याशी चाललेला पत्रव्यवहार उघडकीस आला. अकबर दक्षिणेत येऊन छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयास राहिला. इकडे जेबुन्निसेची चार लक्ष रुपयांची सालिना नेमणूक बंद झाली, मालमत्ता जप्त झाली आणि तिची रवानगी सलीमगडावर झाली. 1702 साली दिल्लीत तिचे देहावसान झाले. ज्या तनख्यावर इतके पंडित आणि लेखनिक पोसले गेले, तो एका हुकमासरशी बंद पडावा, याची मला आजही हळहळ वाटते. कारण विद्येचे एवढे मोठे कार्य एका व्यक्तीच्या नेमणुकीवर आणि दुसऱ्या व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून होते.

याच नगरात 1950 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाविद्यालय सुरू केले, ते पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या, म्हणजे संस्थेच्या, बळावर. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. व्यक्तीच्या औदार्याकडून संस्थेच्या जबाबदारीकडे झालेला हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो, आणि तो तुमच्या शाळेपर्यंत येऊन पोहोचला पाहिजे.

म्हणून संचालक मंडळास माझी विनंती आहे की, ग्रंथखरेदीची तरतूद दरसाल अंदाजपत्रकात नेमाने व्हावी आणि ग्रंथपालाचे पद एक दिवसही रिक्त राहू नये. आणि मुलींनो, मुलांनो, उद्या शाळा भरली की प्रत्येकाने ग्रंथालयात जाऊन आपल्या नावावर एक पुस्तक घरी न्यावे.