तालीम आणि तराजू



आहारशास्त्र व व्यायामशास्त्र शिकावयास आम्ही गेलो ते तालमीतली ऐट घेऊन. दूध, बदाम, जोर, बैठका; यापलीकडे शास्त्र ते काय असावयाचे! पण कुन्नूर येथे १९१८ साली बेरीबेरीचे संशोधन आरंभणाऱ्या मॅक्‌कॅरिसन यांनी पुढे निरनिराळ्या प्रांतांचे जेवण उंदरांना घालून त्यांची वाढ तोलली, हे वाचले आणि ऐट उतरली. तराजू हाती येताच आम्ही आमच्याच तालमीतल्या पोरांचे जेवण तोलले. भाकरी, चटणी, क्वचित डाळ. अशांना आम्ही ‘जोर वाढवा’ म्हणून वर्षानुवर्षे दटावीत होतो! परीक्षा उतरलो खरे. परंतु दम लागतो म्हणून ज्याने तालीम सोडली, त्या पोराच्या घरी जावयास आमचे पाऊल अद्याप उचलत नाही.