‘टाकून दिलेल्या’ सॉफ्टवेअरचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

नवा कॉम्प्युटर घ्यायला दुकानात गेलं, की भाव ठरल्यावर दुकानदार हमखास विचारतो, ‘अजून काय काय टाकून देऊ?’ मग आपणही यादी सांगतो. विंडोज टाका, ऑफिस टाका, हिशेबाला टॅली टाका, पोरगा ड्रॉइंग करतो तर ऑटोकॅडही टाकाच. आमटीत मीठ टाकावं तसं हे सगळं टाकलं जातं. बिलावर मात्र मॉनिटर, की-बोर्ड आणि हार्ड डिस्क एवढीच नावं येतात. बिलात न आलेल्या या वस्तूंची किंमत कित्येकदा कॉम्प्युटरपेक्षा जास्त असते, आणि ती आपण दिली आहे की नाही हे मालकाला धडपणे ठाऊकच नसतं.

आज मी बोलणार आहे ते लहान धंद्यांबद्दल. औद्योगिक वसाहतीतलं दहा-पंधरा कॉम्प्युटरांचं वर्कशॉप, सीएचं ऑफिस, आर्किटेक्टची कचेरी, छापखाना. मोठ्या कंपन्यांत सॉफ्टवेअरचे परवाने सांभाळायला स्वतंत्र माणसं असतात. लहान धंद्यात हे काम मालकाचं असतं, आणि मालकाची समजूत अशी, की ते कॉम्प्युटरवाल्याचं आहे.

मुळात सॉफ्टवेअर विकत घेतलं म्हणजे आपण घेतलं काय? ते आपल्या मालकीचं होत नाही. आपल्याला मिळते ती वापरण्याची मुभा, आणि ती अटींसह मिळते. भाड्याने खोली घेतल्यावर त्यात पोटभाडेकरू ठेवता येत नाही, तसंच हे. हा फरक भल्याभल्यांना गोंधळात टाकणारा आहे. सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा विक्रीकरापुरता ‘माल’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात म्हटलं. परदेशी कंपनीला त्यासाठी दिलेले पैसे हे कॉपीराइटचं स्वामित्वधन ठरत नाही, कारण वापरणाऱ्याच्या हाती कॉपीराइट येतच नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. थोडक्यात, डबा आपला, आतलं लेखन दुसऱ्याचं. लेखन म्हणतो ते मुद्दाम. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमची गणना कथा-कादंबऱ्यांबरोबर ‘साहित्यकृती’त केली आहे! रुक्ष कोडिंग करणाऱ्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.

गंमत बाजूला ठेवू, कारण याच कायद्यात ६३-ब नावाचं कलम आहे. बेकायदा प्रत कॉम्प्युटरवर जाणूनबुजून वापरणाऱ्याला कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. आपल्या वर्कशॉपला ही सवलत लागू होत नाही, हे उघडच आहे. कलमातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द ऐकून कुणाला हायसं वाटेल. पण बारा कॉम्प्युटरांवर ऑटोकॅड चालतं आणि फाइलीत बिल एकाच प्रतीचं आहे, अशा वेळी ‘मला माहीतच नव्हतं’ हे म्हणणं किती टिकेल, ते ज्याचं त्याने ठरवावं. धंदा कंपनीच्या नावावर असला, तरी तिचा कारभार पाहणारी व्यक्ती जबाबदार धरली जाते.

‘पण त्यांना कळणार कसं?’ हा पुढचा प्रश्न. कळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर स्वतःच. इंटरनेट जोडलेलं असलं, की त्यातले बरेच प्रोग्रॅम मूळ कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात आणि आपण कुठल्या यंत्रावर आहोत ते सांगून मोकळे होतात. दुसरा मार्ग घरभेद्याचा. सॉफ्टवेअर कंपन्यांची बीएसए नावाची संघटना आहे, ती अशा खबरा गुप्तपणे घेते. पगारावरून भांडून गेलेल्या माणसाला कुठल्या यंत्रावर काय ‘टाकलेलं’ आहे, ते मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

पोलीस आणि कोर्ट यांच्या भीतीपेक्षा रोजचं नुकसान मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चोरीच्या विंडोजवर मालक अपडेट बंद ठेवतो, कारण अपडेट आलं की ‘ही प्रत अस्सल नाही’ अशी पाटी झळकते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातल्या कॉम्प्युटरांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिला होता. अपडेट घेतलेली यंत्रं वाचली, न घेतलेली सापडली. दुसरी गोष्ट हिशेबाची. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीला हिशेबासाठी असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात नोंद कधी बदलली याची खूण राहते आणि ती खूण बंद करता येत नाही. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. जुनी, क्रॅक केलेली टॅली घेऊन बसलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी इथे अडते. चोरीचा माल सापडला म्हणून नव्हे, तर तो जुना आहे म्हणून.

तेव्हा पहिलं काम मोजण्याचं. एक दिवस कामाला सुट्टी द्या आणि एक साधी वही घ्या. प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन त्यावर काय काय आहे ते लिहा. मग बिलांची फाइल काढा आणि समोरासमोर मांडा. धान्याच्या दुकानात साठा आणि रजिस्टर जुळवतात, तसंच. ही वही मी ज्या ज्या ठिकाणी लिहून घेतली, तिथे तूट निघाली, तशीच वाढही निघाली. म्हणजे काही सॉफ्टवेअरचे परवाने कमी होते, आणि काहींचे पैसे दरवर्षी भरले जात होते पण ती कुणी उघडतही नव्हतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचं सबस्क्रिप्शन कार्डावरून आपोआप वजा होत राहतं. पायरसीच्या आरड्याओरड्यात या दुसऱ्या गळतीबद्दल कुणी बोलत नाही. विकणाऱ्यांना त्यात रस नसणं स्वाभाविकच आहे.

मोजताना परवान्याचा प्रकार पाहणं गरजेचं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. यंत्राबरोबर आलेलं विंडोज, ज्याला ओईएम म्हणतात, ते त्या यंत्राबरोबरच संपतं. यंत्र भंगारात गेलं की परवानाही गेला. सुटं घेतलेलं असेल, तर ते दुसऱ्या यंत्रावर नेता येतं. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चालत नाही. त्यामुळे अनेकांना यंत्रं बदलावी लागत आहेत, तेव्हा हा फरक थेट खिशाला लागतो. ऑफिसची ‘होम अँड स्टुडंट’ ही आवृत्ती वर्षानुवर्षं स्वस्तात मिळायची, पण नावाप्रमाणे ती घरासाठी होती, धंद्यासाठी नव्हे. दुरून कॉम्प्युटर चालवायचं टीमव्ह्यूअर फुकट असतं, ते खासगी वापरापुरतंच. कॉलेजातल्या मुलाचं शैक्षणिक ऑटोकॅड वर्कशॉपवर चालवण्याची चाल तर जुनीच. त्यात एके काळी मोठी मौज होती. शैक्षणिक प्रतीवर केलेलं ड्रॉइंग छापलं, की कागदाच्या कडेला तसा शिक्का उमटायचा. शिवाय त्यातला एखादा भाग दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये घेतला, की तेही ड्रॉइंग ‘बाटायचं’. मोठ्या गिऱ्हाइकाकडे असा कागद गेला, म्हणजे परवान्याची कथा आपोआप वाचून दाखवल्यासारखंच.

आणि काहीशे रुपयांत इंटरनेटवर मिळणाऱ्या ‘की’? त्या टाकल्यावर सॉफ्टवेअर चालू होतं, हे खरं. पण कुलूप उघडलं म्हणजे खोली आपल्या नावावर झाली, असं होत नाही. त्यातल्या कित्येक चाव्या कुठल्या तरी मोठ्या संस्थेला एकगठ्ठा दिलेल्यांपैकी असतात. बिल मागून पाहा, म्हणजे कळेल.

आता खर्चाकडे येतो. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा घेतलं की संपलं, असं होतं. ॲडोबीने २०१३ मध्ये जाहीर केलं, की फोटोशॉप वगैरेंच्या नव्या आवृत्त्या फक्त सबस्क्रिप्शनवर मिळतील. ऑटोडेस्कने ऑटोकॅडचे नवे कायमस्वरूपी परवाने देणं ३१ जानेवारी २०१६ नंतर बंद केलं. म्हणजे विकत घेतलेल्या घरातून माणूस भाड्याच्या घरात आला. त्यातच २०२० पासून ऑटोडेस्कने सामायिक परवाने मोडीत काढून माणसागणिक परवान्याकडे मोर्चा वळवला. आधी तीन पाळ्यांतले तीन ड्राफ्ट्समन एकाच परवान्यावर आलटून पालटून काम करायचे. आता तीन नावं, तीन परवाने. लहान कारखान्यासाठी हा बदल अन्यायाचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मत असून भागत नाही, उपाय पाहावा लागतो. जो माणूस महिन्यातून चार दिवस ड्रॉइंग उघडतो, त्याला वर्षाचा परवाना कशाला? त्याच्यासाठी दिवसागणिक पैसे भरण्याची योजना कंपनीकडेच आहे. रोजंदारीच्या कामाला पगारी माणूस ठेवू नये, एवढं साधं गणित आहे. नुसतं ड्रॉइंग उघडून मापं पाहणाऱ्याला तर फुकटचा व्ह्यूअर पुरतो. त्याच जातीच्या फाइली उघडणारी ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड अशी दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर कायमच्या परवान्यावरही मिळतात. पत्रं आणि तक्ते यांच्यापलीकडे ऑफिसचा वापर नसेल, तर लिब्रेऑफिस हे पूर्ण कायदेशीर आणि मोफत आहे, धंद्यालासुद्धा. मात्र बदलण्याआधी आपल्या जुन्या फाइली त्यात उघडून पाहाव्यात. छापखान्यांना हे सांगायला नको. जुन्या श्रीलिपीत केलेली कामं उघडायला आजही ते ‘लॉक’, म्हणजे कॉम्प्युटरला मागून लावायची ती खुंटी, जपून ठेवणारे लोक आहेत. सॉफ्टवेअर निवडताना आत शिरण्याची किंमत सगळे विचारतात, बाहेर पडण्याची कुणी विचारत नाही.

टॅलीचं थोडं वेगळं आहे. कायमचा परवाना घेतला असेल, तर वार्षिक नूतनीकरण न करताही ती चालते, पण नव्या आवृत्त्या आणि ऑनलाइन जोडसेवा थांबतात. जीएसटीचे नियम बदलत असताना ही बचत महाग पडते.

एक गोष्ट मात्र लगेच तपासा. सबस्क्रिप्शनचं खातं कुठल्या ई-मेलवर उघडलंय? कित्येक ठिकाणी ते कॉम्प्युटरवाल्याच्या किंवा एखाद्या जुन्या नोकराच्या पत्त्यावर असतं. पैसे आपण भरतो आणि कागदोपत्री परवानेदार दुसराच. त्या माणसाशी बिनसलं, की आपल्याच सॉफ्टवेअरचा पासवर्ड आपल्याला मिळत नाही. धंद्याच्या नावाचा एक स्वतंत्र ई-मेल या कामासाठी ठेवावा आणि सगळे परवाने त्यावर आणावेत.

समजा, परवान्यांची विचारणा करणारं पत्र किंवा ई-मेल आलंच, तर? घाबरून रातोरात सगळं पुसून टाकू नका. पुसल्याच्या खुणा राहतात आणि नियत वाईट दिसते. आधी ते पत्र खरंच कंपनीचं आहे का, ते पाहा. कित्येकदा ते विक्रेत्याच्या माणसाने टार्गेट गाठायला लिहिलेलं असतं, आणि भाषा मात्र नोटिशीची असते. खरं असेल, तर फोनवर बोलू नका, लेखी उत्तर द्या. मुदत मागा, आपली वही आधी पुरी करा आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका. पत्र आल्यानंतर घाईने केलेल्या खरेदीचं बिल मागच्या वापराला लागू पडतं, असंही समजू नका.

खरेदीच करायची ठरली, तर दोन व्यवहारी गोष्टी. बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्या. परदेशी वेबसाइटवर कार्डाने पैसे भरताना लोक तो घालत नाहीत आणि अठरा टक्क्यांचं क्रेडिट हातचं घालवतात. दुसरी गोष्ट वेळेची. आपली खरेदी मार्चअखेर होते, तेव्हा विकणाऱ्याला घाई नसते. त्याची घाई वेगळ्या तारखांना असते. मायक्रोसॉफ्टचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, ओरॅकलचं ३१ मेला, ऑटोडेस्कचं ३१ जानेवारीला. डीलरची टार्गेटं बहुधा याच तारखांच्या अलीकडे येऊन ठेपलेली असतात. नूतनीकरणाची तारीख वहीत लिहिलेली असेल, तर दोन महिने आधी दोन डीलरांकडून लेखी भाव मागवता येतात. सेवा बंद पडायच्या आदल्या दिवशी भाव कोण कमी करणार?